नावावर आणि नावे

व्यापाऱ्याच्या घरात 'नाव' हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. दुकानाच्या पाटीवर आजोबांचे नाव असते. तो मान होय. खातेवहीत मात्र एखाद्याच्या 'नावे' दहा हजार रुपये लिहिले, तर ती रक्कम त्याची नसते; ती त्याच्याकडून येणे असते. हा फरक दुकानात नव्याने बसणाऱ्या मुलाला मुनीमजी पहिल्याच आठवड्यात शिकवितात. आश्चर्य याचे वाटते की, ज्या घरात जमा आणि नावे यांत एका रुपयाची गफलत खपत नाही, त्याच घरात कायद्याच्या कागदांवर कोणाचे नाव कशासाठी लिहिले आहे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. "मुदत ठेव माझ्या नावावर आहे," "गाळा दादांच्या नावावर आहे," असे आपण सहज म्हणतो आणि 'नावावर' याचा अर्थ 'मालकीचे' असाच धरून चालतो. कायदा तसे धरीत नाही.

म्हणून या महिन्यात कागदांवरील काही नेहमीच्या शब्दांचा अर्थ पाहू. व्याख्या पाठ करण्याऐवजी एका घराचे उदाहरण घेऊ. उदाहरण कल्पित आहे; परंतु बँकेच्या नोकरीत याचे निरनिराळे तुकडे मी इतक्या वेळा पाहिले की, ते कोणत्याही गावातील घराला लागू पडावे.

समजा, दोन भावांची भागीदारीत कापडाची पेढी आहे. वडील मृत्युपत्र न करता पूर्वीच निवर्तले. आई हयात आहे, एक बहीण सासरी आहे. धाकटा भाऊ वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी अकस्मात गेला. त्यानेही मृत्युपत्र केलेले नाही. मागे पत्नी, एक मुलगा आणि एक मुलगी. बारा-तेरा दिवस सरल्यावर कपाट उघडले जाते आणि कागद बाहेर येतात.

नामनिर्देशित

पहिला कागद वीस लाखांच्या मुदत ठेवीचा. ठेव लग्नापूर्वीची, दर वेळी नूतनीकरण झालेली. नामनिर्देशित व्यक्ती, म्हणजे नॉमिनी, म्हणून थोरल्या भावाचे नाव आहे. बँक ती रक्कम थोरल्या भावाला देईल आणि तसे करण्यात बँकेची काहीही चूक नाही. नामनिर्देशनाचा उद्देशच हा की, खातेदाराच्या पश्चात पैसे कोणाच्या हाती दिले असता बँक मोकळी होईल, हे आधीच ठरलेले असावे.

परंतु हाती पैसे येणे म्हणजे मालक होणे नव्हे. नामनिर्देशित व्यक्ती ही रक्कम स्वीकारणारी आणि खऱ्या हक्कदारांसाठी ती सांभाळणारी व्यक्ती होय. कंपन्यांच्या समभागांबाबतही, नामनिर्देशनामुळे वारसांचा हक्क संपत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी दिला. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थेत तर कायद्याने शब्दच बोलका योजला आहे: मृत सदस्याच्या नामनिर्देशिताला वारसांची नोंद होईपर्यंत 'तात्पुरता सदस्य' म्हणून घेतले जाते.

आयुर्विम्यात थोडा निराळा नियम आहे. विमा कायद्यातील दुरुस्तीनुसार विमेदाराने स्वतःच्या विम्यावर आई-वडील, पती-पत्नी किंवा अपत्ये यांना नामनिर्देशित केले असेल, तर त्यांना रकमेचे लाभधारक मानले जाते. अर्थात या तरतुदीपुढे इतर वारसांचा हक्क कितपत टिकतो, याविषयी सर्व न्यायालयांनी एकच अर्थ लावलेला नाही. भाऊ मात्र या यादीत नाही. आपल्या उदाहरणातील विम्यावरही थोरल्या भावाचेच नाव असेल, तर तो तेथेही केवळ सांभाळणारा ठरेल.

वारस

मग वीस लाखांचे मालक कोण? येथे दुसरा शब्द येतो, वारस. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ हा जैनांनाही लागू आहे. तसे त्या कायद्याच्या आरंभीच नमूद आहे. पुरुष मृत्युपत्र न करता निधन पावल्यास त्याची स्वतःची मिळकत प्रथम वर्गातील वारसांकडे जाते. मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि आई हे त्या वर्गातील प्रमुख वारस होत आणि त्यांचे वाटे समान असतात. वडील प्रथम वर्गात नाहीत, भाऊही नाही. आपल्या उदाहरणात आई, पत्नी, मुलगा आणि मुलगी अशा चौघांना प्रत्येकी पाच लाख रुपये मिळावयास हवेत. थोरल्या भावाचा वाटा शून्य आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. अशा घरांतील थोरला भाऊ बहुधा लबाड नसतो. तो रक्कम पेढीत जमा करतो, वहिनीच्या घरखर्चाला दरमहा पैसे देतो, पुतण्यांची फी भरतो. आपण उपकार करीत आहोत असे त्याला प्रामाणिकपणे वाटते आणि वहिनीलाही तसेच वाटते. दहा वर्षांनी मुलीच्या लग्नासाठी वहिनी मोठी रक्कम मागते, तेव्हा ती मागते आहे असे दोघांनाही वाटते. वस्तुतः ती मागत नसते, स्वतःचे येणे वसूल करीत असते. एका शब्दाचा अर्थ माहीत नसल्यामुळे हक्काचे रूपांतर दानात होते. देणाऱ्याला त्याचा अभिमान आणि घेणाऱ्याला त्याचे ओझे वाटू लागते. कोर्टात गेलेल्या भांडणांपेक्षा न झालेल्या भांडणांतील हे मूक नुकसान कितीतरी मोठे आहे.

हयात खातेदार

दुसरा कागद दोघा भावांच्या संयुक्त बचत खात्याचा. खाते 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' या पद्धतीचे. एक खातेदार गेल्यावर बँक शिल्लक रक्कम हयात खातेदाराला देते. 'हयात' या शब्दामुळे पुष्कळांना वाटते की, मागे राहील त्याची सगळी रक्कम. तसे नाही. ही व्यवस्थाही खाते चालविण्यापुरती आणि बँकेला मोकळे करण्यापुरती आहे. मृत भावाने त्यात टाकलेले पैसे त्याच्या वारसांचेच राहतात आणि हयात खातेदार ते त्यांच्या वतीने स्वीकारतो.

भागीदार

तिसरा कागद भागीदारीपत्र. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ नुसार, करारात निराळे ठरले नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. दोनच भागीदार असतील तर प्रश्नच उरत नाही. एकट्याची भागीदारी कशी असेल? पाटी तीच राहील, गिऱ्हाईक तेच राहील, परंतु कायद्याच्या दृष्टीने जुनी पेढी संपलेली असते. मृत भागीदाराचा मुलगा आपोआप भागीदार होत नाही. गादीवर बसण्याचा हक्क वारसाहक्काने मिळत नाही. वडिलांच्या हिश्श्याचा हिशेब मागण्याचा हक्क मात्र मिळतो.

हा हिशेब लांबणीवर टाकून थोरल्या भावाने तीच मालमत्ता वापरून धंदा चालू ठेवला तर? त्याच कायद्याचे कलम ३७ सांगते की, उलट करार नसेल तर मृताच्या वारसांना दोहोंपैकी एक निवडता येते: त्या हिश्श्याच्या वापरामुळे झालेल्या नफ्यातील भाग, किंवा हिश्श्याच्या रकमेवर द.सा.द.शे. ६ टक्के व्याज. निवड वारसांची, धंदा चालविणाऱ्याची नव्हे. यासाठी मृत्यूच्या दिवशीचा ताळेबंद तयार करून त्यावर सर्वांच्या सह्या घेणे हे थोरल्या भावाच्याही हिताचे आहे. पाच वर्षांनी तो ताळेबंद कोणालाही नीट मांडता येत नाही.

मुखत्यार

चौथा कागद मुखत्यारपत्राचा. धाकट्या भावाने गावाबाहेरील एक भूखंड विकण्याचे अधिकार थोरल्याला दिले होते. दुसऱ्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार ज्याला मिळतो तो मुखत्यार. अधिकार अनेक कामांचा असेल तर त्या कागदाला कुलमुखत्यारपत्र म्हणतात. मुखत्यार हा उसना हात आहे. देणारा गेला की, सर्वसाधारणपणे तो अधिकारही त्याच क्षणी संपतो. मृत्यूची वार्ता कळल्यावर जुन्या मुखत्यारपत्रावर केलेली विक्री किंवा काढलेला धनादेश, हेतू कितीही चांगला असला, तरी कायद्याला मान्य नाही. तसेच केवळ मुखत्यारपत्र करून जमीन 'विकत घेण्याची' जी पद्धत पडली होती, तिने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे.

फेरफार

पाचवा कागद बाजारपेठेतील गाळ्याचा. गाळा वडिलांनी विकत घेतलेला. त्यांच्या पश्चात मालमत्ता पत्रकावर, घरपट्टीवर, वीजबिलावर आणि गुमास्ता परवान्यावर थोरल्या भावाचे नाव लागले. अशी नावात बदल करणारी नोंद म्हणजे फेरफार. सातबाऱ्यावरील असो वा मालमत्ता पत्रकावरील, ती नोंद कर कोणाकडून वसूल करावयाचा हे ठरविण्यासाठी असते. तिने नवी मालकी निर्माण होत नाही आणि जुनी नाहीशीही होत नाही. वडिलांनी मृत्युपत्र केले नव्हते. म्हणून गाळा त्यांच्या निधनाच्या क्षणीच आई, दोन्ही मुलगे आणि मुलगी अशा चौघांचा झाला, प्रत्येकी चौथा हिस्सा. सासरी गेलेल्या बहिणीचे नाव एकाही कागदावर नाही, तरी तिचा चौथा हिस्सा जागच्या जागी आहे. तिच्या लग्नात किती खर्च झाला, याची त्यातून वजावट होत नाही.

तीन पत्रे

येथे हमखास कोणी म्हणते, "ताईंची एक सही घेऊन टाकू." कोणत्या कागदावर सही घ्यावयाची, हे मात्र विचारलेच जात नाही. तीन पत्रांतील फरक ध्यानी घ्यावा.

मृत्युपत्र करणाऱ्याच्या निधनानंतरच अमलात येते. तोवर ते कितीही वेळा बदलता येते. त्यावर करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी केलेली बरी. ज्याला लाभ मिळणार आहे, त्याला साक्षीदार करू नये.

बक्षीसपत्र ताबडतोब अमलात येते. देणाऱ्याच्या हयातीतच घेणाऱ्याने ते स्वीकारावे लागते आणि स्थावर मिळकतीसाठी नोंदणी आवश्यक असते. दिलेले बक्षीस मन बदलले म्हणून परत मागता येत नाही. उतारवयात राहते घर मुलाच्या नावे बक्षीस करून देणाऱ्या आई-वडिलांनी हे वाक्य दोनदा वाचावे. जे मृत्युपत्राने साधते, ते बक्षीसपत्राने करण्याची घाई करू नये.

हक्कसोडपत्र म्हणजे सहमालकाने आपला हिस्सा दुसऱ्या सहमालकासाठी सोडून देणे. स्थावर मिळकतीबाबत त्याचीही नोंदणी लागते आणि सही झाली की हक्क कायमचा जातो. बहिणीने मनापासून हक्क सोडला तर त्यात गैर काही नाही. परंतु काय सोडीत आहोत आणि त्याचे मोल किती, हे कळल्यावर जे सुटते त्यालाच सोडणे म्हणावे. राखीपौर्णिमेला माहेरी आलेल्या बहिणीपुढे मिठाईच्या ताटाबरोबर टंकलिखित कागद ठेवणे, हे भावाच्या नात्याला शोभत नाही. कागद आठ दिवस आधी तिच्या घरी पाठवावा आणि तिच्या वकिलाला वाचू द्यावा.

जामीनदार

कपाटातील शेवटचा कागद सर्वांत पातळ, परंतु सर्वांत जड. धाकट्या भावाने मामेभावाच्या कर्जाला जामीन म्हणून सही केलेली होती. आतापर्यंतच्या कागदांवर नाव होते, हक्क दुसऱ्याचा होता. येथे नाव आहे, हक्क कोणताच नाही आणि देणे मात्र पूर्ण आहे. वहीतील 'नावे' ते हेच.

"जामीन म्हणजे औपचारिकता, कर्जदाराने नाही भरले तर मग पाहू," हा समज अतिशय महाग पडतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात निराळे नसेल तर जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. बँकेने आधी कर्जदाराची मिळकत विकावी आणि मग आपल्याकडे यावे, असे जामीनदाराला म्हणता येत नाही. दोघे जामीनदार असले तरी बँकेच्या दृष्टीने प्रत्येकाची जबाबदारी सहसा संपूर्ण रकमेची असते. अर्धे-अर्धे हा त्या दोघांतील हिशेब. एक दिलासा कायद्याने दिला आहे: जामीनदाराने कर्ज फेडले, तर धनकोचे कर्जदाराविरुद्धचे सर्व हक्क त्याच्याकडे येतात. म्हणून पैसे भरताना पावती, कर्जाच्या कागदांच्या प्रती आणि तारणाचा तपशील मागून घ्यावा.

मृत्यूने हे देणे पुसले जात नाही. बँक मृत जामीनदाराच्या मिळकतीकडे वळू शकते. मात्र वारसांची जबाबदारी त्यांना मिळालेल्या मिळकतीपुरतीच मर्यादित असते. पत्नीचे स्वतःचे स्त्रीधन किंवा मुलाची स्वतःची कमाई त्यासाठी देणे लागत नाही. शोकाकुल घरात वसुलीसाठी आलेल्या माणसापुढे घाबरून नव्या कागदावर सही करू नये, कारण त्या नव्या सहीने जी जबाबदारी नव्हती ती येते.

विश्वस्त

व्यापारात चढउतार यावयाचेच. पेढीवर संकट आले तरी पत्नी-मुलांचा घास सुरक्षित राहावा, यासाठी कायद्यात एक जुनी सोय आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीचा १८७४ चा कायदा, कलम ६. पतीने स्वतःच्या आयुष्यावरील विमा या कायद्याखाली पत्नी किंवा मुलांच्या लाभासाठी घेतला, तर ती रक्कम विश्वस्तनिधी ठरते. विश्वस्त म्हणजे दुसऱ्यासाठी मालमत्ता धारण करणारा. अशी रक्कम पतीच्या मिळकतीत धरली जात नाही. त्यामुळे त्याच्या धनकोंना तिच्यावर हात ठेवता येत नाही. धनकोंना फसविण्याच्या हेतूने विमा घेतला असेल तर मात्र हे संरक्षण मिळत नाही. १ एप्रिल १९२३ पासून ही तरतूद जैनांनाही लागू असल्याचे त्याच कलमात लिहिलेले आहे. याची निवड विमा घेतेवेळीच करावी लागते. आपल्या उदाहरणातील धाकट्या भावाने अशी एखादी पॉलिसी घेतली असती, तर जामिनाचा तो पातळ कागद निदान तिथवर पोहोचला नसता.

आता करावयाचे काय?

एक फुलस्केप कागद घ्यावा आणि चार रकाने आखावेत. कोणता कागद, त्यावर कोणाचे नाव, ते नाव कशासाठी आणि शेवटचे केव्हा पाहिले. घरातील प्रत्येक ठेव, विमा, समभाग, जागा, भागीदारी आणि जामीन यांची एकेक ओळ लिहावी. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तेथे 'मालक', 'स्वीकारणारा', 'सांभाळणारा', 'सही करणारा' किंवा 'देणेकरी' यांपैकी एकच शब्द लिहावा. जेथे शब्द सुचणार नाही, तेथे वकिलाला किंवा बँकेला विचारण्याची वेळ झाली असे समजावे.

लग्न, अपत्यजन्म, मृत्यू आणि वाटणी या चार प्रसंगांनंतर हा कागद पुन्हा वाचावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीसाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. एकामागून एक अशा क्रमाने, किंवा प्रत्येकाची टक्केवारी ठरवून एकाच वेळी. लॉकरसाठी मात्र केवळ क्रमानेच. तथापि नामनिर्देशन आणि मृत्युपत्र यांत निरनिराळी नावे ठेवू नयेत. घेणारा आणि मालक एकच असला की निम्मे तंटे जन्मालाच येत नाहीत.

आणि शेवटची विनंती. हा कागद लिहिताना पत्नी, सज्ञान मुले आणि शक्य तर विवाहित मुलगीही समोर असावी. पुष्कळ घरांत कपाटाची किल्ली गृहिणीच्या कमरेला असते, परंतु कपाटातील कागदांचा अर्थ तिला कोणी सांगितलेला नसतो. तो सांगण्याची वेळ परक्या माणसावर, बँकेच्या खिडकीपलीकडून, तिच्या दुःखाच्या दिवसांत येऊ नये. घरच्या माणसाने तो आज सांगावा.

पुढील अंकात तारण, गहाण आणि नजरतारण या तीन शब्दांचा विचार करू.